काठाचा घेवडा

आळेफाट्याच्या बाजारात आता भोगीची भाजी तयार पिशवीत मिळते. दोन वांगी, चार गाजरं, हरभऱ्याचे घाटे, मूठभर बोरं, आणि वरून घेवड्याच्या आठ-दहा शेंगा. पौष लागला, सकाळच्या उन्हाला पाठ देऊन बसावंसं वाटू लागलं, की या पिशव्या गाड्यांवर दिसतात. मी एखादी उचलते, आतला घेवडा निरखते आणि पिशवी परत ठेवते. भाजीवाला ओळखीचा आहे. तो म्हणतो, "ताई, दरसाली नुसतं बघताच. घ्या की राव, सकाळीच खुडलाय."

घेवडा ताजाच असतो. त्याला काठ नसतो, एवढंच. हिरव्यागार लुगड्याला जांभळा काठ असावा तशी आमच्या परसातल्या शेंगेच्या कडेनं एक रेघ जायची. थंडी वाढली की ती रेघ गडद व्हायची. शेंग चुरगळली तर बोटांना तेलकट, कडवट वास लागायचा, आणि तो दोनदा हात धुतल्याशिवाय जायचा नाही. आतला दाणा काळाभोर, कपाळावर पांढरी रेघ ओढलेला. हे सगळं त्या भाजीवाल्याला उभ्या उभ्या कसं सांगायचं? मी हसते आणि पुढं जाते.

मी डिंगोऱ्याची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आमचे हे, धाकटे दीर रमेशभावजी आणि सासूबाई. सासूला आम्ही आत्या म्हणतो. घरापुढचं सगळं जग टोमॅटोचं होतं. तारा, काठ्या, सुतळ्या, क्रेट, औषधाचे पंप आणि नारायणगावच्या बाजाराच्या गप्पा. मागचं दार उघडलं की वेगळंच राज्य सुरू व्हायचं. तिथं आत्या बोलतील ते खरं.

ते परस म्हणजे बैलगाडी जेमतेम वळेल एवढी जागा. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू. त्याच्या कडेला चुका आणि आंबाडी. कोपऱ्यात शेवगा, शेवग्यावर चढलेला दोडका, कुंपणभर घेवडा. या जागेत विकतचं बी कधी पडलं नाही. प्रत्येक वेल कुणीतरी दिलेला, आणि आत्या त्याला देणारीच्याच नावानं हाक मारायच्या. लग्नानंतर आठच दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "सुनंदे, मामीला पाणी दे जरा. सुकलीया उन्हानं." मी तांब्याभर पाणी आणि वर पेला घेऊन घरभर मामी शोधत फिरले. शेवटी भावजींनी मला मागच्या दारी नेऊन दोडक्याचा वेल दाखवला. ओतूरच्या कुणा मामीनं दिलेला दोडका होता तो. भावजी हसून हसून खाली बसले. पुढं वर्षभर ते मला विचारायचे, "वहिनी, मामी जेवली का?"

जुनी माणसं सांगतात, जुन्नरच्या आसपास एके काळी मोठमोठ्या बागा होत्या. लांबलांबून माणसं तिथली फळं खायला यायची. त्या बागा कुणी लावल्या, त्यात काय काय पिकायचं, हे सांगणारं आता कुणी नाही. बागेभोवतीची भिंत मागं राहते, बी राहत नाही. बी राहायला कुणालातरी ते दर साली पेरावं लागतं, आणि उरलेलं कुणालातरी द्यावं लागतं. आमच्याकडं हे काम आत्या करायच्या. त्याला काही मोठं नाव असेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नसेल.

माझ्या लग्नाला चौथं वर्ष लागलं तेव्हा आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. कार्तिक चालू होता, घेवडा नुकता फुलावर आला होता. ऑपरेशननंतर दहा दिवस त्या घोडेगावला आपल्या लेकीकडं, म्हणजे सुमनवन्संकडं राहिल्या. त्या दहा दिवसांत रमेशभावजींनी परस साफ केलं. अळू उपटला, शेवगा तोडला, कुंपण काढलं, जमीन सारखी केली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. क्रेट उन्हापावसात पडून खराब व्हायचे, त्यांना शेड हवी होती. शिवाय डॉक्टरांनी आत्यांना वाकायचं नाही असं बजावलं होतं. परसच नसलं म्हणजे आई वाकणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. मी एकदा म्हटलं, "भावजी, आत्यांना विचारून केलं असतं तर?" ते म्हणाले, "विचारलं तर ती हो म्हणंल का?"

आत्या जीपमधून उतरल्या. एका डोळ्यावर हिरवी झापड, वर काळा चष्मा. पाण्याचा तांब्या पुढं केला तर तो बाजूला सारून त्या थेट मागच्या दाराशी गेल्या. दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सुनंदे," त्या म्हणाल्या, "ह्ये आप्रेशन बिघडलं वाटतं गं. मला परसात कायबी दिसंना."

शेवटी भावजी पुढं झाले. "आई, शेड बांधायचीय तिथं. क्रेट उन्हात पडत्यात. आन् घेवडा काय, बाजारात मिळतोय की."

"व्हय का?" आत्या म्हणाल्या. "मंग डोळं चांगलं झाल्यात म्हणायचं."

आणि आत गेल्या. भांडण नाही, रडणं नाही. त्या जेवायच्या, आल्यागेल्याशी बोलायच्या. पण मागचं दार त्यांनी उघडायचं सोडलं. तोंड धुवायलासुद्धा पुढच्या अंगणात जायच्या. ताटात कुठली भाजी आहे हे विचारायचं त्यांनी सोडलं. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची, भावजींनाही वाटत असणार. ते एक दिवस मला हळूच म्हणाले, "वहिनी, बी असंलच की गाडग्यात. पुढल्या साली लावून देऊ तिला, बांधाला."

गाडग्यात बी नव्हतं. हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आत्या दर साली अर्धं बी पेरायच्या आणि अर्धं राखेत घालून ठेवायच्या. एखाद्या साली पीक गेलंच, तर ते हाताशी असावं म्हणून. त्या पावसाळ्यात झड लागली होती. चार दिवस घरात भाजी नव्हती. मी गाडगं उतरवलं, काळे दाणे राख धुऊन भिजत घातले आणि त्यांची उसळ केली. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली होती. भावजींनी वेल तोडला खरा, पण त्याची परत यायची वाट मी आधीच बुजवून ठेवली होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आत्यांच्या लक्षात होतं की सुमनवन्संना बी दिलं होतं. गाडग्याचं नाव त्यांनी काढलं नाही. डोळा दाखवायच्या निमित्तानं आम्ही घोडेगावला गेलो. वन्संनी चहा ठेवला, आणि आत्यांनी विचारताच त्यांचा चेहरा पडला. "आई, मागं फरशी टाकली की गं आम्ही. चिखल लई व्हायचा." मागं खरंच गुळगुळीत फरशी होती, आणि डालड्याच्या डब्यांत गुलाब. आत्यांनी गुलाबांचं कौतुक केलं. परतीच्या एस्टीत त्या मंचरपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मंचर सोडल्यावर एकदम म्हणाल्या, "धोंडी."

"कोण धोंडी?"

"घाटघरची धोंडाबाई. कांदं काढायला यायची आपल्यात, तुझ्या लग्नाच्या आधी. तिच्या पदरात मूठभर घातलं व्हतं मी."

"किती वर्षं झाली आत्या? ती असेल का तरी?"

"बी दिलेलं माणूस ध्यानात ऱ्हातं बाई. ती असंल."

पौष लागला आणि आम्ही दोघी निघालो. बोरीहून नारायणगाव, तिथून जुन्नर, जुन्नरहून घाटघरची गाडी. चावंड मागं पडलं तशी थंडी खिडकीच्या फटीतून आत शिरायला लागली. आत्यांनी काळ्या चष्म्यावरून डोक्याला टापर बांधलं होतं. गाडीत फार कुणी नव्हतं. मला तो भार सोसेना. मी सांगून टाकलं. "आत्या, गाडग्यातलं बी मी शिजवलं. पावसाळ्यात. उसळ केली होती."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "मला म्हाईत हाय."

"तुम्हाला कसं?"

"आगं, उसळ मी बी खाल्ली न्हवं का? माझ्या घेवड्याची चव मला कळायची न्हाई व्हय?" मग म्हणाल्या, "पहिल्याच घासाला कळलं. पन ताट वाढल्यालं, समदी जेवत्यात. म्हनलं, वेल हाय कुंपनाला, येईल नवं बी. आन् लई चांगली झाली व्हती."

मी तोंड खिडकीकडं फिरवलं. वारं डोळ्यांना लागत होतं, तेही एक कारण होतंच.

घाटघरला उतरलो तेव्हा धुकं वर चढत होतं. जीवधनचा माथा तेवढा उन्हात, खाली भाताची कापलेली खाचरं. कारवीच्या कुडाची घरं एकमेकांना टेकून बसलेली. एक म्हातारा गवताचा भारा घेऊन चालला होता. त्याला आम्ही धोंडाबाईचं घर विचारलं.

"पावनं कुठलं म्हनायचं?"

"बोरीचं."

"धोंडाबाई तीन हायेत हितं. कंची पायजे?"

आत्या विचारात पडल्या. आडनाव त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. "ती बघा, हसली की शिवारभर ऐकू येतं ती."

"हां, ती व्हय! मंग वरल्या आळीला जावा. आत्ता ऐकू यील."

आणि खरंच ऐकू आलं. धोंडाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. आत्यांना बघून तिच्या हातातला पाला तसाच राहिला. "पारू! आगं पारूच न्हवं का? ह्ये काळं काय लावलंयस डोळ्याला? शिनेमात जाया लागली का काय?" आणि ती हसली. शेळ्या कान टवकारून बघायला लागल्या.

आत्यांचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. शेळ्यांच्या गोठ्याच्या छपरावर एक वेल पसरला होता, आणि त्याच्या शेंगांना उन्हात जांभळे काठ चमकत होते. आत्यांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "आत्या, डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हटलंय."

"गप," त्या म्हणाल्या. छपराखाली जाऊन त्यांनी एक शेंग बोटांत धरली, तोडली नाही. नुसती धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "धोंडे, माझं बी राखलंस गं बाई."

धोंडाबाईचं हसू थांबलं. "तुझं? ह्ये तुझं कवापासनं? माझ्या आईचं बी ह्ये. तुझ्या सासूला आईनंच दिलं व्हतं, भाताच्या वैरनीसंगं."

"कायतरीच! माझ्या सासूनं दिलं तुझ्या आईला."

"तू तवा लगीन होऊन आली तरी व्हतीस का?"

"तू तरी कुठं व्हतीस? पाळण्यात असशील!"

हे भांडण काळ्या चहाबरोबर चाललं, नाचणीच्या भाकरीबरोबर चाललं, हिरव्या मिरचीच्या ठेच्यापाशी येऊन थोडं चढलं. मी दोघींच्या मध्ये बसून भाकरी खात होते आणि मनातून सुखावले होते. दोन महिन्यांत आत्या पहिल्यांदा कुणाशी तरी भांडत होत्या. घेवडा घाटावरून खाली आला की खालून वर गेला, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. बहुधा दोन्ही खरं असेल. एका साली खाली संपला तेव्हा वरून आला, वर संपला तेव्हा खालून गेला. तशा दोन पिढ्या तरी गेल्या असतील.

शेवटी धोंडाबाईच म्हणाली, "बरं, तुझं तर तुझं. पन आज माझ्या छपरावर हाय, तवा मागून घ्यावं लागंल."

आत्यांनी तिथल्या तिथं पदर पसरला. त्यांच्यापेक्षा ऐपत कमी असलेल्या, एके काळी त्यांच्याच शेतात राबायला येणाऱ्या बाईपुढं. धोंडाबाई एकदम गंभीर झाली. छपरावर चढून तिनं वाळलेल्या शेंगा शोधल्या. त्या साली वानरांनी बरंच नासलं होतं. सगळे मिळून बावीस दाणे निघाले. तिनं ते घोंगडीवर ओतले आणि एक तुला, एक मला असे वाटले. अकरा आत्यांच्या पदरात आले. वर भोगीसाठी ओल्या शेंगांची एक पुरचुंडी. मग तिनं विचारलं, "आन् तुझी ती मामी हाय का अजून?"

आत्यांचा आवाज बदलला. "मामी ग्येली गं. चुका ग्येला, आंबाडी ग्येली, समदं ग्येलं." आणि घरी जे रडल्या नव्हत्या ते त्या तिथं, शेळ्यांच्या गोठ्यापाशी रडल्या. कुडाला टेकून बसलेल्या धोंडाबाईच्या मुलाला वाटलं, खरंच कुणी म्हातारी वारली. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "लई वाईट झालं मावशी. आजारी व्हत्या का?" मग धोंडाबाई हसली, आणि रडता रडता आत्याही हसायला लागल्या.

त्या भोगीला आमच्या भाजीत काठाचा घेवडा होता. भावजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. कुठून आला ते त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागं गेले, शेडसाठी आखलेली फक्कीची रेघ पायानं पुसली आणि निम्म्या जागेवर नवी ओढली. आत्या मागच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अजून दोन हात सरक." भावजी सरकले.

पुढच्या पावसाळ्यात अकरापैकी सात दाणे पेरले, चार ठेवले. राखेच्या गाडग्याला मी हात लावणार नव्हतेच, तरी आत्यांनी ते आपल्या उशाशी नेऊन ठेवलं. सातांतले पाच उगवले. शेजारच्या कोंबड्यांपासून जपायला भावजींनी प्रत्येक रोपावर टोमॅटोचा क्रेट पालथा घातला. रोपं वाढली तशा टोमॅटोच्याच तारा ओढून त्यांना मांडव केला. कार्तिकात शेंड्यांना मावा लागला. भावजी पंप पाठीला लावून आले. आत्या म्हणाल्या, "त्यो पंप घेऊन तिकडं शेतात जा," आणि चुलीतली राख मुठीनं वेलावर उधळली. नाकातोंडात राख गेलेले भावजी आणि राखाडी झालेल्या आत्या अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत.

पहिला बहर बियाला, असा त्यांचा नियम. सगळ्यात भरदार शेंगा वेलावरच वाळायच्या. त्यामुळं त्या साली भोगीला फक्त सहा शेंगा मिळाल्या. भाजी वाढताना प्रत्येकाच्या ताटात घेवड्याचा तुकडा पडतो की नाही ते आत्या स्वतः बघत होत्या.

त्याच्या पुढच्या साली बी भरपूर झालं. संक्रांत आली. तेव्हा घरोघरी हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे असं वाण देत असत. मी ठरवलं, आपण बी द्यायचं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या केल्या, प्रत्येकीत सात दाणे. आत्या म्हणाल्या, "हसतील गं बाया." बाया हसल्याच. एकीनं विचारलं, "ह्ये शिजवायचं का पेरायचं?" मी इतक्या जोरात "पेरायचं!" म्हणाले की ती दचकली.

मला वाटलं, निम्म्या पुड्या केरात जातील. काही गेल्याही असतील. पण वर्षभरानं पुन्हा हळदीकुंकू केलं तेव्हा बाया आल्या त्या हातात काहीतरी घेऊन. कुणाच्या रुमालात लाल भोपळ्याचं बी, कुणाकडं माहेरची चवळी. एकीनं तर ओतूरहून दोडक्याचं आख्खं वाळलेलं फळ आणलं होतं, आतलं बी खुळखुळ वाजत होतं. "तुमी दिलं, म्हनून आमी बी आनलं," त्या म्हणाल्या, आणि मला विचारायला लागल्या. हे कधी लावायचं? चवळीला कीड लागू नये म्हणून काय करायचं? मला त्यातलं काही येत नव्हतं. मी म्हटलं, "आत्यांना विचारा. मागं आहेत."

हळदीकुंकवाच्या दिवशी आत्या मागंच असायच्या. विधवा बाई तिथं कशाला, म्हणून. त्यांना येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. या असंही कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

एकेक बाई बी घेऊन मागच्या दारानं गेली. गेली ती परत येईना. मागून बोलण्याचा, हसण्याचा आवाज वाढत गेला. पुढच्या खोलीत मी हळदीकुंकवाचा करंडा आणि तिळगुळाचं ताट घेऊन एकटी बसले होते. शेवटी उठून मागं गेले.

आत्या पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या, समोर सूप. भोवती सगळ्या बाया जरीच्या साड्या सावरून मातीत बसल्या होत्या. आत्या एकेकीचं बी हातात घेऊन निरखत होत्या, पोचट दाणे वेगळे काढत होत्या, आणि प्रत्येकीच्या ओंजळीत आपल्या हातानं घेवड्याचे दाणे घालत होत्या. वाण त्याच देत होत्या. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, बायांच्याही नाही.

शेजारच्या काशीकाकूंच्या मात्र आलं. त्यांनी मागं वळून माझ्या हातातला करंडा घेतला, हळदीत बोट बुडवलं आणि आत्यांच्या कपाळाला लावलं.

आत्या एकदम मागं सरल्या. "आगं, मला काय लावतीस?"

"का? बियाला लावत न्हाई का आपन हळद, पेरायच्या आधी?" काशीकाकू म्हणाल्या. "तसंच ह्ये."

आत्यांनी कपाळाकडं हात नेला, पण पुसलं नाही. मग सूप पुढं ओढत म्हणाल्या, "बरं, आता बस खाली. तुझा त्यो भोपळा दाव हिकडं."

काशीकाकू बसल्या. मीही तिळगुळाचं ताट मधोमध ठेवून त्यांच्या शेजारी मातीत बसले. पुढच्या खोलीतली सतरंजी दिवस मावळेपर्यंत तशीच अंथरलेली राहिली.